सहाशे शब्दांत चारू

“पेटी कोणाची?” फाटकावरच्या वॉचमनने विचारलं.

“आईची,” चारू म्हणाली आणि नोंदवहीत आपलं नाव लिहून पुढे चालायला लागली.

मी खांद्यावरचा पट्टा सावरत तिथेच उभी राहिले. पेटी माझी नव्हती. मला कोमल आणि शुद्ध यांतला फरकसुद्धा ऐकून कळत नाही. तेरा वर्षं पेटी वाजवत होती ती चारू. आणि त्या सकाळी कराडहून पहिल्या एसटीने निघून पुण्यापलीकडच्या त्या टेकडीवर आम्ही आलो होतो ते तिच्या पेटीसाठीच, अशी माझी समजूत होती.

“मॅडम, वाद्य ज्याचं त्याच्या नावावर लिहावं लागतं,” वॉचमन म्हणाला. “बाहेर पडताना तेच नाव लागतं.”

“मग चारुता बर्गे लिहा.”

“पण त्या तर तुमची म्हणाल्या.”

“ती हल्ली काहीही म्हणते. लिहा तुम्ही.”

त्याने माझ्याकडे, मग लांब गेलेल्या चारूकडे पाहिलं आणि दोघींचीही नावं लिहून टाकली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एका दैनिकाच्या कराड आवृत्तीत मुख्य उपसंपादक होते. बावीस वर्षं डेस्कवर काढली होती. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, तपासायचं, जागेत बसवायचं, मथळा द्यायचा आणि वेळेत पान सोडायचं, हे माझं काम. घरातले निर्णयही मी साधारण याच पद्धतीने घेत असे. चारूच्या कॉलेजचा निर्णय मात्र काही केल्या पानात बसत नव्हता.

समोर दोन रस्ते होते. एक, पुण्यातलं संगीताचं कॉलेज. चारूच्या पेटीच्या बाई, आठल्येबाई, तिथेच शिकलेल्या. त्यांच्या एका फोनवर प्रवेश होण्यासारखा होता. दुसरं हे टेकडीवरचं, नव्याने निघालेलं लिबरल आर्ट्सचं. त्याचं माहितीपत्रक चारूनेच कुठून तरी आणलं होतं. तिथे म्हणे एकच मूल इतिहासही शिकतं, गणितही शिकतं आणि नाटकही करतं. शिवाय संगीतात विशेष गती असलेल्या मुलांसाठी पाच जागा वेगळ्या ठेवलेल्या. मला वाटलं, हेच बरं. पदवीही मिळेल, पेटीही राहील.

डेस्कवर शेजारी बसणाऱ्या शेडग्यांना काही ते पटलं नाही.

“वासंतीताई, पोरगी बारावी सायन्सला. गणितात वर्गात पहिली. आणि तुम्ही तिला आर्ट्सला घालणार?”

“आर्ट्स नाही हो. लिबरल आर्ट्स.”

“म्हणजे चित्रकला?”

“म्हणजे सगळंच थोडं थोडं.”

“थोडं थोडं शिकून थोडीच नोकरी लागणारे,” शेडगे म्हणाले आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसले.

चारूचे बाबा कोयनानगरला वीजकेंद्रात होते, शनिवारी घरी यायचे. ते म्हणाले, “तुम्ही दोघी ठरवा. मी सही करतो.”

राहिली चारू. तिला विचारलं की ती म्हणायची, “बघू.” संगीताचं कॉलेज? “बघू.” टेकडीवरचं? “तेही बघू.” एकदा मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले, दोन्हीकडचे फायदे-तोटे लिहिले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते नीट वाचले, एका ओळीतला राहिलेला अनुस्वार भरला आणि वही परत केली. मला हसूही आलं आणि रागही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिला आठल्येबाईंबरोबर सांगलीला साथीला जायचं होतं. अर्जासोबत एक निबंध द्यायचा होता, ‘मी कोण आहे’ या विषयावर, मराठीत लिहिला तरी चालणार होता. चप्पल घालता घालता ती म्हणाली,

“निबंध तुला मेल केलाय. शेवटपर्यंत वाच आणि मग पाठव. काही म्हणायचं असेल तर आधी मला फोन कर.”

“शब्द किती झालेत?”

“जास्त झालेत. सहाशेची मर्यादा आहे. तू बघ ना, तुझंच काम ते.”

“बरं.”

“आई, शेवटपर्यंत वाचशील ना?”

“अगं, दिवसभर दुसरं काय करते मी?”

दुपारी ऑफिसात मी निबंध उघडला. आठशे अकरा शब्द. सुरुवात वाचूनच मी सुखावले. चार वर्षांची चारू, शेजारच्या भजनी मंडळात म्हाताऱ्या पेटीवाल्याच्या मांडीवर बसून आपला आपण सूर शोधणारी. ही गोष्ट मी तिला किती वेळा सांगितली होती. पुढे स्पर्धा, ढाली, आठल्येबाई. माझी मुलगी इतकं स्वच्छ लिहिते हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात महामार्गावर टँकर उलटल्याचा फोन आला. पहिलं पान पुन्हा मांडायचं होतं आणि अर्जाची खिडकी पाच वाजता बंद होणार होती. मी दोन मिनिटांत निबंध सहाशेत बसवला. अर्जात संगीताच्या राखीव जागांपुढचा चौकोन तिने कोराच सोडला होता. घाईत राहिला असणार. मी तिथे खूण केली आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना सगळं पाठवून दिलं.

संध्याकाळी ती आली ती थेट स्वयंपाकघरात.

“पाठवलास?”

“पाठवला. सुरेख लिहिलंयस गं. जास्तीच्या शब्दांना कात्री लावली तेवढीच.”

“लावणारच तू.” ती ओट्याला टेकून उभी राहिली. “आणि काही म्हणायचं नाही तुला?”

“काय म्हणू? मला आवडलं.”

“खरंच?”

“खरंच.”

ती जवळ आली आणि तिने मागून मला घट्ट मिठी मारली. आमच्या घरात असलं फारसं कोणी करत नाही. माझ्या हातात कणीक होती. मला काहीच कळलं नाही, पण बरं वाटलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी नुसती गोंधळात होते. चारू कधी नव्हे इतकी मोकळी वागत होती, बडबडत होती, मला चहा करून देत होती. आणि सकाळचा रियाज तिने बंद केला होता. पहिल्या दिवशी वाटलं, दमली असेल. चौथ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, “आता कशाला?” आठल्येबाईंनी फोन करून सांगितलं की चारूने इस्लामपूरच्या कार्यक्रमाला नाही म्हटलंय. दुपारी ती मुजावरचाचांच्या दुकानात जाऊन बसायची. चाचा पेट्या दुरुस्त करायचे. तिथून परत आली की नखांत पितळेचा कीस असायचा.

मुलाखतीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, वाद्य सोबत आणावे.

“काय वाजवणारेस?” मी विचारलं.

“वाजवावं लागेल असं वाटत नाही.”

“पत्रात लिहिलंय.”

“सगळ्यांनाच एकसारखं पत्र जात असेल.” मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, “तुला माहितीये ना सगळं?”

“काय सगळं?”

ती हसली. मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. “बरं, तुला न्यायचीच असेल पेटी तर ने. मी उचलणार नाही.”

म्हणून त्या दिवशी पेटी माझ्या खांद्यावर होती.

मुलाखत अकराला होती. पालकांसाठी बाहेर ओसरीवर बाक टाकले होते. शेजारच्या बाकावर एक मुलगा डोळे मिटून मांडीवर तबल्याचे बोल वाजवत होता. चारूला बोलावलं तेव्हा मी पेटी पुढे केली. ती न घेताच आत गेली. शिपाई येऊन घेऊन गेला.

मी कान देऊन बसले. पेटी वाजली असती तर त्या दारातून नक्की ऐकू आली असती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पेटी वाजली नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. चारू एकटीच बाहेर आली. हातात छापील कागद होता. ती माझ्यापुढे उभी राहिली. बसली नाही.

“आई, तू किती कापलंस?”

“थोडंसं. मर्यादेत बसवलं.”

“कुठून?”

तोपर्यंत मला आठवलं होतं.

आमच्या कामात बातमी खालून कापतात. महत्त्वाचं ते वर, तपशील मध्ये, गंमतजंमत शेवटी. वार्ताहराला तसंच लिहायला शिकवलेलं असतं, म्हणजे जागा कमी पडली की डेस्कवरच्या माणसाने डोळे मिटून शेवटचा परिच्छेद उडवावा. चारूच्या निबंधातल्या शेवटच्या दोन परिच्छेदांवर ओझरती नजर टाकली तेव्हा मुजावरचाचांचं नाव दिसलं. मला वाटलं, दुकानाचं वर्णन. मी ते उडवले.

“खालून,” मी म्हणाले.

“वाचलेस?”

“चारू, त्या दिवशी टँकर…”

“वाचलेस का?”

“नाही.”

ती बाकाच्या टोकाला बसली. शेजारचा मुलगा मांडीवरचे बोल थांबवून दुसऱ्या बाकावर गेला.

“आत त्यांनी मला पेटी वाजवायला सांगितली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “मी म्हटलं, मी संगीताच्या जागेसाठी आलेलेच नाही. ते म्हणाले, अर्जात खूण आहे. मी म्हटलं, मी केलेली नाही. ते म्हणाले, निबंधात तर पेटीशिवाय काहीच नाही. मग हा दाखवला.” तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला. “शेवटची ओळ बघ.”

मी पाहिली. ‘घरात, शाळेत, गावात सगळे म्हणतात, पेटी म्हणजेच चारू.’ तिथे निबंध संपत होता. कापताना मला वाटलं होतं, काय नेमका शेवट झालाय.

“याच्यापुढे होतं ते सगळं,” चारू म्हणाली. “मुलाखत घेणाऱ्या रेगेमॅडम विचारत होत्या, हा निबंध तू लिहिलायस की कोणी लिहून दिलाय? दुसऱ्याने लिहिलेला असेल तर अर्ज बाद होतो.”

“मी आत जाऊन सांगते. चूक माझी आहे.”

“मी सांगितलंय, आईने कापला. त्या म्हणाल्या, मूळ काय होतं ते साडेबारापर्यंत आणून दे.”

“मग मेलमध्ये असेल ना?”

“माझ्या मेलमध्ये आहे. पण इथे रेंज नाही, मी बघितलं.” तिने माझ्या पर्समधून वही आणि पेन काढलं. “पाठ आहे मला. मी सांगते, तू लिहून घे.”

“तूच लिही की.”

“नको. लिहायला बसले तर अडकेन मी.” मग माझ्या हातात पेन देत म्हणाली, “आणि तू लिहून घेतलंस तर तुला ऐकावं लागेल.”

खेड्यापाड्यांतले वार्ताहर पूर्वी फोनवर बातमी सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. त्याचा एक नियम होता. सांगणारा सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. मी वही मांडीवर घेतली. ती समोरच्या शेवग्याच्या झाडाकडे बघत, बातमी सांगावी तशी सांगू लागली.

“मला तसं वाटत नाही. पूर्णविराम. आमच्या गावात मुजावरचाचा पेट्या दुरुस्त करतात. पेटीतली सुराची पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो. मी चाचांना विचारलं, असं का होतं? ते म्हणाले, तसंच होतं. मला ते का होतं हे शोधायचं आहे. दोन वर्षं मी त्याची गणितं मांडते आहे. ती चुकतात, आणि चुकली की मला रात्रभर तेच सुचत राहतं. पेटी वाजवताना मला असं कधी झालं नाही. मी चांगली वाजवते, हे मला माहीत आहे. पण टाळ्या पडतात तेव्हा मला वाटतं, त्या दुसऱ्या कोणाला तरी आहेत.”

ती थांबली. मी मान वर केली नाही.

“नवा परिच्छेद. मला इथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं आहे. संगीताच्या जागेसाठी माझा विचार करू नये, ती जागा वाजवावंसं वाटणाऱ्या कोणाला तरी मिळावी. हे मी घरी अजून बोललेले नाही. तेरा वर्षं आई माझी पेटी उचलून गावोगाव आली आहे, तिच्यासमोर मला हे बोलता येत नाही. हा निबंध पाठवण्याआधी ती वाचेल.”

पुन्हा थांबली. तिने वहीत डोकावून पाहिलं.

“लिहितेयस ना?”

“हो.”

“तिला वाईट वाटेल. पण ती काही बोलणार नाही. शुद्धलेखन तपासेल आणि पाठवून देईल. तिने पाठवला, तर तिची हरकत नाही असं मी समजेन.”

मी तेही लिहिलं. पेन टेकवून शेवटचा पूर्णविराम दिला. कणकेच्या हातांनी उभी असलेली मी आणि मागून मिठी मारणारी चारू मला तेव्हा कुठे कळली. तीन आठवडे तिला वाटत होतं, आईने सगळं वाचलं आणि एका शब्दाने न दुखवता सोडून दिलं. आणि सकाळी पेटी खांद्यावर घेऊन मी निघाले ती का, हे तिला कळत नव्हतं.

“फाटकावर पेटी आईची म्हणालीस, ते म्हणूनच?” मी विचारलं.

“तुझीच आहे ती,” चारू म्हणाली. “रागाने नाही म्हणत.”

आमच्या कामात निकाल आधी सांगतात, म्हणून तो इथेच सांगते. संगीताच्या पाच जणांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सर्वसाधारण यादीत ती प्रतीक्षेत सहावी होती. जुलैत एक जागा रिकामी झाली आणि चारू तिथे दाखल झाली. आठल्येबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. पेटी घरीच आहे. सुट्टीत आली की चारू ती उघडते, सुरांच्या पट्ट्या काढून पुसते, परत बसवते. कधी वाजवते, कधी नाही. मी विचारत नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. सव्वाबारा वाजले होते. आम्ही दोघी आत गेलो.

डॉ. रेगे साठीच्या घरात होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. शेजारी संगीताचे खांडेपारकर सर बसले होते, त्यांच्यापुढे आमची पेटी, बंदच. मी वही पुढे केली.

“मी या मुलीची आई. निबंध तिचाच आहे. शेवट मी कापला होता, तिला न विचारता, न वाचता. राखीव जागेची खूणही मीच केली.”

“न वाचता?” रेगेबाईंनी विचारलं. “तुम्ही काय करता?”

“वर्तमानपत्रात उपसंपादक आहे.”

खांडेपारकर सरांना हसू आवरलं नाही. रेगेबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या अक्षरातली दोन पानं सावकाश वाचली. वाचून झाल्यावर एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वही सरांकडे सरकवली. सरांनी वाचली आणि पेटीवरचा हात काढून घेतला.

“सूर चढतो-उतरतो त्याची गणितं कुठायत?” रेगेबाईंनी चारूला विचारलं.

“घरी. पण ती चुकलेली आहेत.”

“चुकलेलीच पाठव.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता एक अडचण आहे. हे दोन्ही जोडलं तर आठशेच्या वर जातं. मर्यादा सहाशेची. बाकीच्या मुलांनी ती पाळलीय, त्यामुळे मला सूट देता येणार नाही. दोनशे शब्द कमी करावे लागतील. अर्थात, ते तिने करायचे.”

चारूने टेबलावरचं पेन उचललं. छापील कागदाकडे बघितलं. मग पेन माझ्यापुढे धरलं.

“आईला करू दे. तिचं कामच आहे.”

“चारू, नको.”

“कर ना. मी बघतेय.”

मी छापील कागद पुढे ओढला आणि वहीतली दोन पानं त्याच्याखाली जोडली. बावीस वर्षांची सवय, नजर आपोआप तळाशी गेली. तिथे आता माझ्या अक्षरातल्या दोन पानांची सुरुवात होती. मी नजर वर आणली. पहिला परिच्छेद, चार वर्षांची चारू आणि म्हाताऱ्या पेटीवाल्याची मांडी. ती गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते. दुसरा परिच्छेद, बक्षिसं आणि ढाली, गाव आणि सालासकट. ती यादी मीच तिला करून दिली होती.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करून मी पेनाने दोन्ही परिच्छेदांवर आडव्या रेघा मारल्या. शब्द मोजले. दोनशे सतरा.

“बसलं,” मी म्हणाले आणि कागद चारूपुढे सरकवला. “शेवटपर्यंत वाच, आणि मगच दे.”

तिने रेघा मारलेला भाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून ती वाचायला बसली. रेगेबाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.